तिघींनी मिळून घर घ्यावं की अनोळखी वेगेत खोली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स सुरू होतंय. त्याच विद्यापीठात येणाऱ्या दोन मुलींशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ओळख झाली आहे, भाषा एक आहे, गप्पा जमतात. तर निघण्यापूर्वीच तिघींच्या नावावर एक अपार्टमेंट घ्यावं, की अनोळखी मुलामुलींच्या वेगेत, म्हणजे इथल्या शेअरिंगच्या घरात, एक खोली शोधावी?

माझं मत आधी सांगते. निघण्यापूर्वी तिघींनी मिळून कुठल्याही करारावर सही करू नका. त्या दोघींबद्दल मला काही शंका नाही, तुमचं छान जमेलही. पण एका घरात राहणं जमेल की नाही, हे भाषेवरून किंवा फोनवरच्या गप्पांवरून कळत नाही. ते झोपायच्या वेळांवरून कळतं, सिंकमधल्या भांड्यांवरून कळतं, आणि पैशाचा विषय निघाला की माणूस कसा बोलतो त्यावरून कळतं. जमलं नाही तर वेगळं होता यायला हवं, आणि इथे नेमकं तेच करारावर अवलंबून असतं. म्हणून माणसाच्या आधी करार समजून घ्या.

तिघींची नावं हाउप्टमीटर, म्हणजे मुख्य भाडेकरू, म्हणून एकाच करारात असतील तर संपूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकीवर असते. एकीने भाडं थकवलं तर मालक इतर दोघींपैकी कुणाकडेही सगळी रक्कम मागू शकतो, आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. घर सोडण्याची नोटीससुद्धा तिघींनी मिळूनच द्यावी लागते. समजा, वर्षभराने एकीला म्युनिकला इंटर्नशिप मिळाली. तिच्या जागी दुसरी मुलगी करारात घ्यायची तर मालकाची संमती लागणार. काही मालक सहज देतात, काही अडून बसतात, काही नवा करार पुढे करतात आणि त्यात भाडं वाढलेलं असतं.

दुसरा प्रकार उंटरमीटरचा. घर एकाच्या नावावर असतं आणि तुम्ही त्याच्याकडून खोली घेता. इतरांच्या भाड्याशी तुमचा संबंध नसतो, हा मोठाच फायदा आहे. मात्र त्याला पोटभाडेकरू ठेवायची मालकाची परवानगी आहे का, हे विचारा आणि ती लेखी बघायला मागा. त्याचा स्वतःचा करार संपला तर तुम्हालाही घर सोडावं लागतं. आणखी एक बारकावा बऱ्याच जणांना माहीत नसतो. मुख्य भाडेकरू स्वतः त्याच घरात राहत असेल आणि तुमची खोली त्याने सामानासह दिली असेल, तर नोटीस पीरियड अगदी लहान असतो : १५ तारखेपर्यंत सांगितलं की महिनाअखेरीस खोली रिकामी. तुम्हाला हे सोयीचं आहे, पण तोही तुम्हाला तसंच सांगू शकतो, कारण न देता. एरवी बेमुदत करारात भाडेकरूचा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असतो, आणि नोटीस कागदावर, सहीनिशी द्यावी लागते. ईमेल चालत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे मालक प्रत्येक खोलीचा वेगळा करार करतो. पैशाच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित, फक्त शेजारच्या खोलीत कोण येणार हे बहुतेक वेळा मालक ठरवतो.

तुमच्यासाठी मला जो मार्ग योग्य वाटतो तो असा : पहिले दोन-तीन महिने त्स्विशनमीटे घ्या. सेमिस्टरभर परदेशी जाणारे किंवा इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात जाणारे विद्यार्थी आपली खोली सामानासकट तेवढ्या काळापुरती देतात. तेवढ्या दिवसांत शहर कळतं, लोक भेटतात, आणि त्या दोन मैत्रिणींनाही तुम्ही प्रत्यक्ष ओळखायला लागता. मग डिसेंबर-जानेवारीत तिघींनी ठरवलंत तर खुशाल घर घ्या. तेव्हा ऑक्टोबरइतकी झुंबडही नसते. श्टुडिरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं वगैरे चालवणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहाचा अर्ज मात्र प्रवेश मिळाल्या मिळाल्या करून ठेवा. प्रतीक्षायादी लांबलचक असते, पण नाव नोंदवून ठेवण्यात काही तोटा नाही.

त्स्विशनमीटे घेताना एकच अट सोडू नका : तिथे आनमेल्डुंग करता आली पाहिजे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. पुढची बरीच कागदपत्रं या नोंदणीवर अडतात. ‘खोली देतो पण आनमेल्डुंग नाही’ असं कुणी म्हणालं तर खोली कितीही चांगली असली तरी पुढे चला.

आता माणसं शोधण्याबद्दल. बहुतेक जाहिराती वेगे-गेझुख्त या साइटवर येतात. एकच मजकूर चाळीस ठिकाणी पाठवलात तर उत्तर येणार नाही. जाहिरात शेवटपर्यंत वाचा, कारण काही जण मध्येच एखादा शब्द लपवून ठेवतात आणि तो उत्तरात लिहायला सांगतात. लिहिणाऱ्यांची नावं घेऊन सुरुवात करा, त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलंय त्यातल्या एखाद्या गोष्टीला उत्तर द्या, तुमचा दिवस कसा जातो ते चार ओळींत सांगा. तुटक्या का होईना, पण जर्मनमध्ये एक परिच्छेद लिहा, उरलेलं इंग्रजीत चालेल. भारतातून लिहिताय तर व्हिडिओ कॉलची तयारी स्वतःहून दाखवा, आणि त्या कॉलवर त्यांना घर फिरून दाखवायला सांगा. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं सांगणारा माणूस फसवणारा असतो, त्याचे फोटो कितीही सुंदर असोत.

मग येतं वेगे-कास्टिंग. तिथले लोक अर्धा-पाऊण तास तुमच्याशी गप्पा मारतात आणि आलेल्या पाच-दहा जणांतून एकाला निवडतात. पुष्कळ मुलं ही नोकरीची मुलाखत समजून सगळ्याला हो म्हणतात : पार्टी आवडते का, हो, शांतता हवी का, हो. मी गेली बरीच वर्षं तीन खोल्यांच्या घराची मुख्य भाडेकरू आहे, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, आणि सांगते की असं बोलणाऱ्याला आम्ही घेत नाही. त्याच्यासोबत राहणं कसं असेल याचा अंदाजच येत नाही. तुम्ही रात्री दहाला झोपत असाल तर तसं सांगा. स्वयंपाकघरात काही भांडी वेगळी ठेवायची असतील तर तेही तिथेच सांगा. त्यावरून नकार आला तर तो आत्ता आलेला बरा, नोव्हेंबरच्या थंडीत पुन्हा खोली शोधत फिरण्यापेक्षा.

तुम्हीही प्रश्न विचारा. ‘तुम्ही नीटनेटके आहात का’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक जण हो असंच देतो. त्याऐवजी घडलेलं विचारा : आधीचा रूममेट का गेला? बाथरूम शेवटचं कोणी आणि कधी धुतलं? मागच्या वर्षीच्या नेबेनकोस्टनचा, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे भाड्यावरच्या खर्चाचा, हिशेब आपसात कसा वाटून घेतला? तुमच्यात शेवटचं भांडण कशावरून झालं आणि ते मिटलं कसं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ‘आमच्यात भांडण होतच नाही’ म्हणणाऱ्या घरापेक्षा ‘आवाजावरून झालं, मग बसून वेळा ठरवल्या’ असं सांगणारं घर मी केव्हाही निवडेन. बोलता बोलता नजर फिरवा : कचऱ्याचे डबे वेगवेगळे आहेत का, फ्रिजमधले कप्पे वाटलेले आहेत का, पुट्सप्लान, म्हणजे सफाईच्या पाळ्यांचा तक्ता, नुसता भिंतीवर टांगलाय की त्यावर या महिन्याच्या खुणाही आहेत.

मैत्री होईल की नाही याची फार काळजी करू नका. माझ्यासोबत सर्वांत दीर्घकाळ सुखाने राहिली ती रात्रपाळी करणारी एक नर्स. आमच्या आवडी एकही जुळत नव्हत्या, पण ती ओटा पुसून जायची, भाडं पहिल्या तारखेला द्यायची आणि काही खटकलं तर त्याच दिवशी बोलायची. दुसरीकडे, शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी माझ्या डोळ्यांसमोर दुरावल्या. एकीचा मित्र आठवड्यातले पाच दिवस तिथेच राहायला लागला आणि दुसरीला संकोचाने ते बोलता येईना. जोडीदार किती रात्री राहील हे पहिल्या भेटीतच विचारा. यात त्याच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, गरम पाण्याचा, बाथरूमच्या रांगेचा आणि बिलाचा आहे.

हीटिंगवरून होणारी भांडणं इथे आल्याशिवाय लक्षात येत नाहीत. आपल्याकडून आलेली मुलं थंडीने गारठून हीटर पाचवर, म्हणजे सगळ्यांत वर, ठेवतात आणि खिडकी महिनोन्‌महिने उघडत नाहीत. मग भिंतीवर बुरशी येते, आणि मालक दुरुस्तीचा खर्च भाडेकरूंवर टाकू पाहतो. दिवसातून दोन-तीन वेळा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या आणि त्या वेळी हीटर बंद ठेवायचा, ही सवय लावा. हीटिंगच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग सहसा प्रत्यक्ष वापरावर ठरतो. घराचं बिल एकच येतं, त्यामुळे एकीच्या खोलीतली उष्णता सगळ्यांच्या खिशातून जाते. हिवाळ्यापूर्वीच यावर बोलून घ्या.

जाहिरातीत भाडं बघताना काल्टमीटे की वार्ममीटे ते तपासा. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. वार्ममीटेत हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं, पण वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळं. प्रत्येक घरामागे १८.३६ युरो महिना रेडिओ-टीव्हीचं शुल्कही असतं. ते घरातला एकच जण भरतो आणि बाकीचे त्याला आपला वाटा देतात. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं मागता येतं आणि ते तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरोंच्या हिशेबाने पैसे मिळत असतील तर हा हक्क नक्की वापरा. काही वेगेंमध्ये नवी मुलगी जुन्या मुलीलाच डिपॉझिट देऊन टाकते. अशा वेळी खोलीचे फोटो काढा आणि आधीपासून काय मोडलंय ते दोघींच्या सहीने लिहून ठेवा, नाहीतर तिने पाडलेल्या भोकांचे पैसे तुमच्या डिपॉझिटमधून जातात.

घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात एक पानभर लिहून सर्वांनी सही करा. कितीही मैत्री असली तरी. त्यात एवढं असू द्या : भाडं कोणत्या तारखेला कोणाकडे, वीज आणि इंटरनेट कोणाच्या नावावर, पाहुणे किती रात्री, सफाईची पाळी चुकली तर काय, आणि सोडून जाणारीने नवी रूममेट शोधून द्यायची की नाही. नेबेनकोस्टनचा हिशेब वर्ष संपल्यावर बारा महिन्यांपर्यंत येऊ शकतो, तोवर एखादी जण कधीच निघून गेलेली असते. तिने आपला वाटा नंतरही द्यायचा, हे त्या पानात स्पष्ट लिहा.

प्रत्येकीने स्वतःची हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारी विमा पॉलिसी घ्या, आणि तिच्यात चावी हरवण्याचा खर्च धरलाय का ते बघा. इथे पुष्कळ इमारतींचा मुख्य दरवाजा आणि घरं एकाच कुलूपयंत्रणेत असतात, एक चावी हरवली तर अख्खी यंत्रणा बदलण्याचा खर्च मागितला जाऊ शकतो.

करार जर्मनमध्ये असेल आणि कळत नसेल तर सही करण्याआधी विद्यार्थी संघटनेकडे किंवा श्टुडिरेंडेनवेर्ककडे कायद्याचा सल्ला मिळतो का विचारा, बऱ्याच ठिकाणी तो मोफत असतो. आणि राहायला गेलात की त्याच दिवशी आपलं नाव टपालपेटीवर चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, टॅक्स क्रमांक, विम्याचे कागद, सगळं इथे टपालानेच येतं.