आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

प्रश्न : वय 57, मधुमेह 12 वर्षांचा. वर्षभर झालं, जेवून तास होतोय तोवर पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी पातळ होतं. पँटोप्राझोल 3 वर्षं रोज घेतोय. मुलगा म्हणतो, लहान आतड्यात जिवाणू वाढलेत, ‘सिबो’ आहे, पुण्याला जाऊन ब्रेथ टेस्ट करू. करावी का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मुलाची शंका रास्त आहे. जुन्या मधुमेहात आतड्यांची हालचाल मंदावू शकते, पँटोप्राझोलनं जठरातलं आम्ल घटतं. दोन्ही जिवाणूंच्या पथ्यावर पडतं. पण पुण्याची गाडी धरण्याआधी घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. गेल्या महिन्यात एका काकांनी माझ्या टेबलावर अशी पिशवी रिकामी केली. एका पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत ‘व्होग्लिबोस’. ही मधुमेहाची गोळी भात-भाकरीचं पचन लांबवते; न पचलेलं मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस धरतो. काकांचं पोट फुगायला लागलं ते ही गोळी सुरू झाली त्याच आठवड्यात. आधीच्या दोन भेटींत मी ते विचारलं नव्हतं, याची मला अजून चुटपुट आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या गोळीनंही पातळ होतं. मात्र स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी सोडू नका.

गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज ग्लासभर दूध होत असेल, तर दोन आठवडे दूध बंद ठेवून बघा. पोटाचं जुनं ऑपरेशन असेल तर आवर्जून सांगा. हिमोग्लोबिन, बी-12, थायरॉईड आणि शौचाची तपासणी इथंच होते. वजन उतरलंय, शौचातून रक्त जातंय, ताप येतोय किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, तर थांबू नका; आपल्याकडे आतड्याचा टीबीही डोक्यात ठेवावा लागतो.

एवढ्यानं उलगडा झाला नाही तर टेस्ट. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून ठरावीक वेळानं फुंकायला लावतात. जिवाणू साखर आंबवतात तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो. 90 मिनिटांच्या आत श्वासातला हायड्रोजन सुरुवातीपेक्षा 20 पीपीएमनं (दहा लाखांत 20 भाग) वाढला तर टेस्ट पॉझिटिव्ह धरतात. तुमची साखर वाढेल, म्हणून मधुमेह आधीच सांगा. काही ठिकाणी लॅक्ट्युलोज ही न पचणारी साखर देतात, पण आतडं वेगानं चालत असेल तर ती लवकर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि नसलेला सिबो दिसतो. आधीचे 4 आठवडे अँटिबायोटिक नको. म्हणून मेडिकलमधून परस्पर ‘जंतूंचा कोर्स’ घेतला असेल, तर शेवटच्या गोळीची तारीख चिठ्ठीवर लिहून त्याच पिशवीत टाका.