ट्रेलरचे तिन्ही टायर बदला, पण ठेव मोडू नका

सप्रेम नमस्कार, गुरुजी.

आधी निर्णय सांगतो, हिशेब मागाहून. ट्रेलर एवढ्यात विकू नका. जुना टायर घालून वेळ मारून नेऊ नका, स्टेपनीसकट तिन्ही नवे घ्या. त्यासाठी काकूंच्या नावची तीन लाखांची एफडी मात्र मोडायची नाही, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांच्या वाटेलाही जायचं नाही. संक्रांतीला तुमच्या पिग्मीची, म्हणजे रोज थोडे भरायच्या ठेवीची, मुदत भरतेय, तोवर दम धरा.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. खानापूर तालुक्यातल्या या निवृत्त शिक्षकांनी सव्वातीन लाखांना एक वापरलेला कॅराव्हॅन ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेतला. एक अ‍ॅक्सल, दोन चाकं; बोलेरोला जोडून घरची सहा माणसं फिरतात. मे महिन्यात हत्तरगी टोलनाक्याजवळ डावा टायर फुटला, म्हणून तेवढ्याच वयाची स्टेपनी चढवली. ऑक्टोबरात तवंदी घाट उतरताना तीही फुटली, आणि तिच्या चिंध्यांनी मडगार्ड फाडून खालचा पाण्याचा पाइप तोडला. टायरवाला अडीच हजारांत जुना टायर द्यायला तयार आहे. मुलगा म्हणतो, १,८०,००० चं गिऱ्हाईक आलंय, देऊन टाका. गुरुजींना माघात पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट करायचं आहे.

गुरुजी, दोन्ही वेळा डावीकडचाच टायर गेला, याकडे माझं सगळ्यात आधी लक्ष गेलं. टायरवर १६५/८० आर१४ आणि पुढे ८५ असा आकडा आहे, असं तुम्ही लिहिलंत. हा ८५ म्हणजे भारांक, एका टायरची वजन पेलण्याची मर्यादा, ५१५ किलो. दोन टायर मिळून १,०३० किलो. आरसी बुकात रिकाम्या ट्रेलरचं वजन ८५०. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास, शिवाय बॅटरी, गाद्या, भांडी, तांदळाचं पोतं. अकराशेच्या खाली काही येत नाही. दहावा हिस्सा बोलेरोच्या हुकावर जातो असं धरलं, तरी एकेका चाकावर पाचशेच्या जवळपास उरतात, तेही दोन्हीकडे सारखं वाटलं तर. तुमची पाण्याची टाकी डाव्या बाकाखाली आहे! त्या टायरनं बिचाऱ्यानं किती सोसायचं? त्यात हवा जरा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, आतून तापते आणि मे महिन्याच्या डांबरावर फुटते.

म्हणून पहिला खर्च टायरचा नाही, वजनकाट्याचा. चिक्कोडी-संकेश्वर पट्ट्यात कारखान्यांमुळे काट्यांना तोटा नाही. उसाच्या गाड्यांची गर्दी नसेल अशा वेळी जा. प्रवासाला निघाल्यासारखा ट्रेलर भरा, आधी दोन्ही चाकं काट्यावर घ्या, मग जमलं तर फक्त डावं. पावती जपून ठेवा. तिथून बेळगावच्या उद्यमबागेत अ‍ॅक्सल वाकलाय का आणि बेअरिंग ढिलं आहे का, ते बघून घ्या. अ‍ॅक्सल वाकडा राहिला तर नवे टायरही वर्षभरात एका कडेनं झिजून जातील आणि तुमच्या कोटेशनमधले तीन टायरचे साडेएकोणीस हजार पाण्यात.

जुन्या टायरला माझा विरोध का, तर टायर नुसत्या नक्षीवर जोखायचा नसतो. बाजूला चार आकडे असतात, तुमच्यावर १८१७ आहे, म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. वर्षातले बरेच महिने उन्हात एका जागी उभ्या राहणाऱ्या ट्रेलरची नक्षी झिजतच नाही, रबर मात्र आतून कडक होत जातं. पाच-सहा वर्षांनी असा टायर दिसायला कितीही छान असला तरी काढायचा. टायरवाला देतोय त्याचे चार आकडे विचारलेत का? उजवीकडचाही त्याच वयाचा आहे, म्हणून तिन्ही.

नवे घेताना भारांक किमान ९५ चा मागा, म्हणजे एकेक ६९० किलो पेलेल. अशा टायरला लागेल तेवढी हवा आपली रिम सोसते का, तेही विचारा. तुमचं कोटेशन ऑगस्टचं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा नवीन कोटेशन घ्या. जास्त भाराचा टायर थोडा महाग पडेल, म्हणून मी तुमचे १९,५०० तसेच धरतो. अ‍ॅक्सल-बेअरिंगचे ६,०००, मडगार्ड-पाइपचे ९,०००. एकूण ३४,५००. पिग्मीचे रोजचे शंभर वर्षभरात साडेछत्तीस हजारांवर जातात. भागतंय.

चौतीस हजारांसाठी तीन लाखांची ठेव मोडली, तर दंड साधारण अर्धा ते एक टक्का, आणि व्याजही जितके दिवस झाले तितक्या मुदतीच्या दरानं, तेही पूर्ण तीन लाखांवर. अगदीच नड आली तर त्याच ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, पण उचलाल तेवढ्यावरच. तीन महिन्यांचे सातशे-आठशे रुपये होतील. कार्डाच्या हप्त्यांत व्याजावर जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी असते. पाटल्या गहाण ठेवण्याचा विषयच काढू नका.

विम्यावर भिस्त ठेवू नका. नुसता टायर फुटला तर साधी पॉलिसी काही देत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत. मडगार्डाचे फोटो असतील तर विचारून बघा. कायद्यानं ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, तेव्हा त्याची थर्ड पार्टी पॉलिसी चालू आहे ना, तेही बघा.

आता मुलाचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही, त्यात तथ्य आहे. सव्वातीन लाख गेले ते गेले, ते हिशेबात धरायचेच नाहीत. १,८०,००० सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १२,६०० येतात, ते तुम्ही सोडता. टायरचे १९,५०० पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ३,९००, ग्रीसिंग-देखभाल ३,०००, विमा २,४००. झाले २१,९००. शिवाय ट्रेलर जोडला की बोलेरो चौदाऐवजी नऊची सरासरी देते, म्हणजे सातशे किलोमीटरच्या फेरीला अठ्ठावीस लिटर डिझेल जादा, अडीच हजार. वर्षाला तीन सहली केल्या तर एक पडते ९,८०० ला, दोन केल्या तर १३,४५० ला, एकच केली तर २४,४०० ला. लॉजवर दोन खोल्या, पाच रात्री, दीड हजारांनी १५,००० होतात. दोन सहलींना जेमतेम परवडतं, तिनाला चांगलं परवडतं, एकाला मुळीच नाही. गेल्या वर्षी किती झाल्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. काकूंना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल.

निघाल त्या दिवशी पहाटे, टायर गार असतानाच हवा बघा. नट निपाणीला एकदा पुन्हा आवळा, आणि सत्तरच्या वर जाऊ नका. चहाला थांबाल तेव्हा दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा. एक जास्त तापला असेल तर बेअरिंग बोलतंय. पाण्याची टाकी रिकामीच न्या, पंढरपुरात भरा. घरी उभा असेल तेव्हा ट्रेलर जॅकवर घेऊन टायरवर गोणपाट टाका. पिग्मी नव्यानं सुरू कराल तेव्हा रोजचे वीस रुपये वाढवून एकशेवीस करा. ते वीस फक्त ट्रेलरचे.

गिऱ्हाइकाला पाडव्यापर्यंत थांबायला सांगा. काट्याची पावती आणि नव्या कोटेशनचा फोटो मला पाठवा. वजन बाराशेच्या वर निघालं तर हा सगळा हिशेब पुन्हा मांडू.