मूठ तुटली म्हणून मूठच बदलू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारत तीसएक वर्षांची. बेडरूमच्या सागवानी खिडकीची मूठ दोन वर्षांत दोनदा उखडली आणि खालची कडी भोकात बसत नाही. हॉलमधली अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी जागची हलत नाही. स्वयंपाकघरात नंतर बसवलेल्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) खिडकीचं हँडल फिरवताना कडकड वाजतं. कंत्राटदार म्हणतोय, सगळ्याच काढून नवीन टाका.

कंत्राटदार दुसरं काय म्हणणार! बिजागरीचे चार स्क्रू बदलून त्याचं पोट कसं भरायचं?

मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-हत्यारं बनतात तिथे, उभी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर सोसायटीतल्या खिडक्या आपोआप माझ्या गळ्यात पडल्या. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: खिडकीत मूठ मार खाते, पण चूक बहुतेक वेळा तिची नसते. झडप खाली बसलेली असते, ती चौकटीला घासते, मग घरातला प्रत्येक जण मुठीला धरून हिसका मारतो. दोन वर्षांत मूठ हातात येणारच. नवी बसवली तर तीही येणार, आणि तुमच्याकडे तेच झालंय.

बेडरूमपासून सुरुवात करा. झडप अर्धी उघडा, मुठीच्या बाजूने खालून हात लावून हळूच वर उचला आणि नजर बिजागऱ्यांवर ठेवा. वरची बिजागरी आधी बघा, कारण झडपेचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढत असतं आणि खालचीला आत दाबत असतं. झडप उचलताना बिजागरीची पानं जागेवर राहिली आणि मधली पिनच खुळखुळली, तर बिजागरी झिजली, ती बदला. पण पान लाकडावरून सुटून वर-खाली होत असेल तर बिजागरी ठणठणीत आहे, लाकडातली भोकं सैल झालीत. जुन्या इमारतींमध्ये मला हा दुसरा प्रकारच जास्त सापडतो.

सैल भोकावर लोक जाडा स्क्रू ठोकतात. 'ठोकतात' हाच शब्द बरोबर आहे, कारण निम्मे सुतार स्क्रू हातोडीने आत घालतात आणि शेवटचे दोन वेढे तेवढे पिळतात. तसं करू नका. झडपेखाली पाचर सारून ती बरोबर उंचीवर आणा, म्हणजे बिजागरीवर भार राहणार नाही. आता एका वेळी एकच बिजागरी सोडा. भोकातला भुसा टोकरून काढा, बांबूच्या किंवा सागाच्या बारीक काड्यांना लाकडाचा गोंद लावून त्या भोकात गच्च ठासा, वर आलेलं पटाशीने कापा आणि रात्रभर सोडा. आगपेटीच्या काड्या चालतात, पण त्या मऊ असतात. माझा कल बांबूकडे. सकाळी बारीक भोक पाडून मूळचा स्क्रू थोडा लांब घ्या, एक इंचीच्या जागी दीड इंची. जाडी तीच ठेवा, नाहीतर डोकं बिजागरीच्या खाचेत बसत नाही आणि झडप मिटताना अडते.

स्क्रूच्या धातूकडेही बघा. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला की पावसाच्या ओलीत आधी स्क्रू गंजतो, आणि सागातल्या टॅनिनमुळे भोवती काळे डाग पडतात. पितळीला पितळीच हवा. पण पितळेचा स्क्रू मऊ. सागात जोर लावून पिळला तर डोकं तुटून निम्मा आतच राहतो आणि मग कपाळाला हात. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून वाट करून घ्या, तो काढा, मग पितळी घाला. आट्यांना मेणबत्ती घासा. बरेच जण साबण लावतात, पण साबण ओल धरतो.

बिजागऱ्या घट्ट असूनही झडप लोंबत असेल तर ती स्वतःच तिरकी झाली असणार. सुतळी घेऊन दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर कोपऱ्यातलं कुसू (एका लाकडाची दुसऱ्याच्या खाचेत बसणारी जीभ) सैल झालंय, आणि ते उघडून पुन्हा जुळवणं चांगल्या सुताराचंच काम. कोपऱ्यावर एल आकाराची पट्टी मारून वर्षभर निभतं, दिसतं मात्र वाईट.

एक गोष्ट करू नका ती म्हणजे पावसाळ्यात रंधा मारणं. मी स्वतः एका ऑगस्टमध्ये हा शहाणपणा केलाय. पश्चिमेची खिडकी, पावसाचा मारा थेट तिच्यावर; लाकूड फुगलेलं, झडप अडत होती, घेतला रंधा आणि दोन सूत उतरवलं. फेब्रुवारीत लाकूड वाळल्यावर इतकी फट पडली की डासांना उघडं आमंत्रण! अजून तिथे रबराची पट्टी चिकटवलेली आहे आणि सौ. पाहुण्यांना ती दाखवते. पावसाळ्यात घासणाऱ्या कडेला मेण चोळा आणि दिवाळीनंतर पुन्हा बघा. तेव्हाही घासत असेल तर मग रंधा. तासलेल्या कडेला, शिवाय झडपेच्या वरच्या आणि खालच्या आडव्या कडांना रंग किंवा पॉलिश लावाच. त्या कडा दिसत नाहीत म्हणून रंगारी सोडून देतात आणि पाणी तिथूनच आत शिरतं.

आता स्वयंपाकघर. यूपीव्हीसीच्या हँडलची परीक्षा एका मिनिटाची आहे. खिडकी उघडी ठेवून हँडल फिरवून बघा, मग बंद करून फिरवा. उघडी असताना लोण्यासारखं फिरतं आणि बंद केल्यावर कडकडतं, तर हँडल निर्दोष. झडप सरकल्यामुळे कडेच्या पट्टीतली लॉकची बटणं चौकटीवरच्या खाचांत नीट जात नाहीत. उघडी असतानाही कडक फिरत असेल तर आतली गिअरपट्टी, म्हणजे हँडल फिरवल्यावर लॉक सरकवणारी पट्टी, गेली. आणि नुसतंच गरगर फिरत असेल तर हँडलच्या आतला चौकोनी दांडा किंवा त्याची बैठक झिजली. इथे मात्र खरोखर हँडल बदलायचं. या हँडलांत सहसा दांडा ७ मिमीचा आणि दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिमी असतं. तरी मोजा. दांड्याची लांबीही मोजा. आखूड आला तर गिअरपर्यंत पोचत नाही.

झडप सरकली असेल तर मूळ दोष फ्रिक्शन स्टेमध्ये. झडपेला वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना जोडलेले ते स्टीलचे घडीचे हात म्हणजे फ्रिक्शन स्टे. आधी त्यातला कचरा काढा आणि घर्षणाचा स्क्रू असेल तर पाव वेढा आवळून बघा. रिव्हेट ढिले झाले असतील तर जोडी बदला, एकटा कधीच नाही. दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या: चौकटीवरच्या पट्टीची लांबी, मिटलेल्या स्टेची जाडी, आणि झडप बाजूला उघडते की वरून टांगलेली आहे. जाडीत १३ आणि १७ मिमी ही नेहमीची मापं. एकदा मी डोळ्याच्या अंदाजाने १३ च्या जागी १७ घेऊन आलो. खिडकी काही केल्या मिटेना. टूलरूमचा माणूस, घरात अचूक मापाचा व्हर्नियर पडलेला, आणि अंदाजाने माल आणतो!

तिसऱ्या मजल्यावर हे काम एकट्याने करू नका. स्टे सोडला की झडपेला कशाचाच आधार उरत नाही. आधी मुठीला दोरी बांधून ती आतल्या भक्कम गोष्टीला अडकवा, दुसऱ्या माणसाला झडप धरू द्या. बाहेर ग्रिल असलं तरीही.

हॉलच्या सरकत्या खिडकीत फार काही नाही. काच साफ करतो, ट्रॅक कोणी करत नाही. आजूबाजूला बांधकामं चालू, ती सगळी धूळ खालच्या खोबणीत. जुन्या टूथब्रशने आणि व्हॅक्यूमने ती काढा, पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. तरीही जड असेल तर खालची चाकं झिजून चपटी झालीत. दोघांनी मिळून झडप वरच्या खोबणीत उचला, खालची कड आत ओढा, ती निघते. चाक सोडून नमुना म्हणून बरोबर न्या आणि दोन्ही बदला. नायलॉनपेक्षा बेअरिंगचं घ्या. ट्रॅकमध्ये तेल किंवा ग्रीस अजिबात घालू नका, धुळीबरोबर त्याची खळ होते. सिलिकॉनचा फवारा पुरे.

तुमच्याकडे लोखंडी झेड सेक्शनच्या (झेड आकाराच्या पट्ट्यांच्या) खिडक्या नाहीत हे बरं. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: बिजागरी बहुधा रंगाच्या थरांनी जखडलेली असते, रंग खरवडून तेल मुरू द्या, हातोडी नको. वेल्डिंग करायचं तर आधी काच काढा.

सामान घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीला जा. गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. वनाजच्या मेट्रोने जिल्हा न्यायालयाला उतरून गाडी बदला, मंडईला उतरा आणि चालत जा. जुना नमुना पुढे केला की दुकानदार खोक्यांच्या ढिगातून बरोबर जोड काढून देतात; नुसतं 'खिडकीची बिजागरी द्या' म्हणालात तर 'कुठली?' असा एका शब्दात प्रश्न येईल आणि तुम्ही गप्प व्हाल. जुन्या घाटाची पितळी कडी किंवा मूठ हवी असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. तिथे वाड्यांतून निघालेला माल असतो, फक्त लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटलं तर वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड.

अख्खी खिडकी बदलायची वेळ मी फक्त दोन वेळा मानतो. चौकटीचा खालचा आडवा तुकडा सडला किंवा त्यात वाळवी शिरली (स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा, मऊ लागतं का), किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शनच वाकला. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

शनिवारी बेडरूमची वरची बिजागरी सोडा आणि भोकांचा जवळून फोटो इथे टाका. शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे स्क्रू कुठला घ्यायचा ते सांगता येईल.