'रेझिलियन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी मनाच्या आरोग्यावर एक पुस्तिका तयार होते आहे. मूळ मसुद्यात 'रेझिलियन्स' (संकटानंतर पुन्हा उभं राहण्याची ताकद) पानोपानी आहे आणि भाषांतरात त्याचं कुठे 'सहनशीलता', कुठे 'लवचिकता', तर कुठे 'कणखरपणा' झालं आहे. यातलं कुठलं ठेवावं?

'सहनशीलता' आधी काढून टाका. सोसत राहणं वेगळं आणि पडल्यावर पुन्हा उठणं वेगळं. वर्गात रोज कुणाचा तरी छळ सोसणाऱ्या मुलाला 'सहनशीलता वाढवा' असं छापून दिलं, तर तो गप्प बसायलाच शिकेल. 'कणखरपणा'ची गत फार वेगळी नाही. कणखर माणूस रडत नाही, मदत मागत नाही, असा आपल्याकडे समज आहेच.

'लवचिकता' व्युत्पत्तीला जवळची. 'रेझिलियन्स'च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे उसळी घेणं. पण मराठीत लवचिक माणूस म्हणजे जुळवून घेणारा, वेळप्रसंगी नमतं घेणारा. त्यात पुन्हा उठणं येत नाही. ('स्थितिस्थापकता' कृपया नको. ती वाचून मुलांना विज्ञानाचा पेपरच आठवेल.) शिवाय ताण सुटला की स्प्रिंग होती तशी होते. वडील गेलेली मुलगी होती तशी होत नाही, तरी ती पुढे जाते.

माझं मत 'उभारी'ला. मन उभारी धरतं, कुणाच्या दोन शब्दांनी उभारी येते, आणि ती दुसऱ्याला देताही येते. हे 'देणं' मला महत्त्वाचं वाटतं. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचे आजार अशा परिस्थितीत वाढलेल्यांपैकीही सुमारे एकतृतीयांश मुलं चांगली मार्गी लागली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: भरवशाचं निदान एक तरी मोठं माणूस, मग ते आजीआजोबा असोत, शिक्षक असोत की शेजारी. 'कणखर हो' म्हटलं की सगळा भार मुलावर पडतो. 'उभारी'त ते दुसरं माणूसही मावतं.

वाक्यात मात्र शक्यतो नाम टाळून 'सावरणे' वापरा. 'विद्यार्थ्यांमध्ये रेझिलियन्स विकसित करणे' याऐवजी 'मुलांना सावरायला मदत करणे'. 'गुण कमी पडले, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, मग मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं आणि सावरली' हे वाचताना नववीतल्या मुलीला शब्दकोश लागणार नाही.

असाच दुसरा शब्द 'वेल-बीइंग', म्हणजे एकूण बरं असणं. त्यासाठी 'मानसिक आरोग्य' चुकीचं नाही, पण त्यात रोग नसण्यावर भर आहे. 'स्वास्थ्य' जास्त नेमकं. धडधाकट माणूसही 'जिवाला स्वास्थ्य नाही' म्हणतोच की! 'मानसिक कल्याण' नको, त्याला सरकारी खात्याचा वास येतो.

तेव्हा मुखपृष्ठावर 'मनाचं स्वास्थ्य आणि उभारी' चालेल. समुपदेशकांसाठीच्या परिशिष्टात 'रेझिलियन्स' देवनागरीत तसाच ठेवला तरी हरकत नाही. त्यांच्या तो रोजच्या बोलण्यात आहे.