'शिक्षा झाली, पण तुरुंगात गेलो नाही. मग व्हिसाच्या अर्जात काय लिहू?'

हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा खाली गेलेला असतो. त्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून.

मुलीचा पदवीदान समारंभ कॅनडात होता. त्यांनी अर्जाची छापील प्रत सोबत आणली होती. कुठल्याही देशात गुन्हा, अटक, आरोप किंवा शिक्षा झाली आहे का, या प्रश्नापुढे 'नाही'च्या चौकोनात पेन्सिलीने खूण करून ती खोडली होती. एकदा नव्हे, इतक्यांदा की तिथला कागद विरला होता.

नऊ वर्षांपूर्वी भांडणात त्यांचा हात उठला. समोरच्याचं हाड मोडलं. सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित झाली आणि दोन वर्षं देखरेखीखाली काढावी लागली. "आत गेलोच नाही मॅडम, म्हणजे शिक्षा झालीच नाही ना?"

झाली होती. ही गल्लत फार जणांची होते. स्थगिती तुरुंगवासाला मिळते, दोषी ठरवणारा निकाल तसाच राहतो. त्यात प्रत्येक देशाचा हिशेब निराळा. अमेरिका स्थगित शिक्षाही मोजते. ऑस्ट्रेलियात 12 महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा सुनावली गेली असेल, तर ती स्थगित असली तरी चारित्र्याच्या कसोटीत आडवी येते. ब्रिटनचे नियम आणखी वेगळे, पण स्थगित शिक्षा तिथल्या अर्जातही सांगावी लागतेच. तेव्हा 'माझ्या मित्राला व्हिसा मिळाला' याला काही अर्थ नसतो. मित्राचा गुन्हा वेगळा, देशही वेगळा.

कायद्याचं काम वकिलाचं, म्हणून त्यांना मी इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवलं. तिथे कळलं की आपला गुन्हा कॅनडाच्या कायद्यात कशात बसतो हे आधी पाहतात, आणि देखरेखीसकट शिक्षा पूर्ण होऊन 5 वर्षं झाली असतील तर 'पुनर्वसना'चा, म्हणजे जुना गुन्हा असूनही देशात येऊ द्यावं असा, अर्ज करता येतो. यांना सात झाली होती! वाट मोकळी होती आणि हे दोन वर्षं खोडरबर घेऊन बसले होते. 'नाही' लिहून ते उघडकीला आलं असतं, तर खोटी माहिती दिली म्हणून 5 वर्षांची बंदी आली असती.

पण ते माझ्याकडे आले होते ते नियमांसाठी नव्हे. मुलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती तेव्हा बारा-तेरा वर्षांची. दोन वर्षं ते तिला 'रजा मिळत नाही' असं सांगत होते, आणि तिने एकदा आईला विचारलं होतं, "बाबांना यायचंच नाहीये का?" हे सांगताना ते खुर्चीच्या कडेला सरकून बसले. त्यांनी लपवलं होतं स्वतःची लाज म्हणून, मुलीच्या पदरात पडली होती नाकारलेपणाची भावना. मला त्या क्षणी अर्जापेक्षा हेच तातडीचं वाटलं.

अर्जाला जोडायच्या खुलाशाचा त्यांचा पहिला मसुदा चार पानांचा होता, त्यातली साडेतीन समोरच्या माणसाबद्दल. आम्ही तीन बैठकी त्यावरच घालवल्या. शेवटी अर्धं पान उरलं: काय केलं, काय शिक्षा झाली, ती कधी संपली, तेव्हापासून काय बदललं. मुलीसाठी तर दोनच वाक्यं. "मी एका माणसाला मारलं होतं आणि मला शिक्षा झाली. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून रजेची सबब सांगत आलो." ती त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हटली. पहिल्या वेळी 'मारलं' हा शब्द गिळला. पाचव्या वेळी नाही.

त्या रात्री फोन केला. मुलगी बराच वेळ गप्प राहिली, मग चिडली, मारल्याबद्दल कमी आणि सबबीबद्दल जास्त. आठवडाभर बोलली नाही. मी त्यांना सांगितलं, थांबा, तिला वेळ द्या.

समारंभ हुकला, कारण असे अर्ज वेळ खातात. आई एकटी गेली. मंजुरी पुढे बऱ्याच महिन्यांनी आली. विमानतळावर अधिकाऱ्याने जुन्या शिक्षेबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी न अडखळता उत्तर दिलं. दाराबाहेर मुलगी उभी होती, पदवीदानाचा झगा मुद्दाम पुन्हा मागून आणून घातलेला.