शिकलेली माणसंही मेंदूबद्दलच्या चुकीच्या समजुती का सोडत नाहीत?

तुम्ही विचारलंय की भाऊ इंजिनिअर, वहिनी बँकेत, तरी त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीला ‘मिडब्रेन’च्या क्लासला घातलं, म्हणजे मेंदूचा एक भाग ‘चालू करून’ डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या क्लासला. ‘माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो’ हे ते ठामपणे सांगतात. एवढी माहिती हाताशी असताना असल्या समजुती टिकतात कशा?

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. सतरा वर्षं झाली, माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त पेशंट लकव्याचे. मेंदूत काही बिघडलं की घरातली माणसं काय बोलतात, काय करतात, हे मी रोज बघते. त्यावरून माझं मत असं झालंय की या समजुतींचं मूळ अज्ञानात फार थोडं आहे. घाबरलेल्या माणसाच्या हाताला त्या काहीतरी काम देतात, आणि ते काम केलं की गुण आल्यासारखं डोळ्यांना दिसतंही. म्हणून त्या टिकतात.

मागच्या उन्हाळ्यात मी ठक्कर बाजारच्या स्टँडवर सटाण्याच्या गाडीची वाट बघत होते. बाकावरचा विशीतला एक पोरगा एकदम ताठ झाला, खाली घसरला आणि त्याचे हातपाय झडायला लागले. ‘आकडी आली, आकडी आली’ म्हणत लोक गोल करून उभे राहिले. एकाने चप्पल काढली, दुसरा किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबायला लागला. तेवढ्यात एका आजींनी पिशवीतून कांदा काढला, बाकाच्या कडेवर आपटून फोडला आणि त्याच्या नाकाशी धरला. मी तोवर त्याच्या डोक्याखाली ओढणी सारली होती आणि घड्याळ बघत होते. झटके थांबले तेव्हा एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते. कांदा नाकाशी आल्याला जेमतेम वीस सेकंद.

आकडीत मेंदूतल्या पेशींचे मोठे गट एकाच वेळी, एकाच तालात विजेचे संदेश सोडायला लागतात. बहुतेक वेळा एक ते तीन मिनिटांत मेंदू स्वतःच ते शमवतो. कांदा शोधायला, फोडायला, नाकाशी न्यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. चपलेचंही तेच, किल्ल्यांचंही तेच. पण तिथं उभ्या असलेल्या तीस-चाळीस जणांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं? कांदा हुंगवला, आकडी थांबली. त्यापुढे माझं पुस्तकी स्पष्टीकरण कितीसं टिकणार? आणि आपल्या जिल्ह्यात कांदा नाही असं घर नाही.

मला त्या आजींचा अजिबात राग आला नाही. बाकी बहुतेक सगळे चार हात लांब उभे होते, त्या जवळ येऊन बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘आजी, कांदा ठेवा बाजूला, याचं डोकं धरा, आपण याला कुशीवर करू.’ त्यांनी लगेच केलं. लाळ बाहेर आली, श्वास मोकळा झाला. मी नुसतं ‘कांद्यानं काही होत नसतं’ एवढंच म्हटलं असतं, तर त्यांचे हात रिकामे झाले असते आणि पुढच्या वेळी कांदाच निघाला असता. (विषय निघालाच आहे तर सांगून ठेवते: तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कुशीवर ठेवायचं, वेळ बघायची. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८ला फोन.)

लकव्याचं तर आपल्या बोलण्यातच चुकलंय. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो आपण. छापील शब्द घ्या, अर्धांगवायू, त्यातही वायू आहेच. वारं अंगाला लागलं म्हटल्यावर माणूस काय करणार? खिडक्या लावणार, गोधडी टाकणार, गरम तेलानं हात चोळणार. कुठे कबुतराचं रक्तही लावतात. मनापासून, रात्र रात्र जागून करतात हो हे सगळं. आणि तिकडे मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. जेफ्री सेव्हर या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टनी २००६ साली हिशोब मांडला होता की मोठी रक्तवाहिनी अडली आणि उपचार झाले नाहीत तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. माझ्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी दवाखाना गाठलेले कितीतरी पेशंट आलेत, आणि त्यांचा हात तेलानं अगदी मऊसूत केलेला असतो. तो हात हातात घेतला की मला आजही वाईट वाटतं.

इथेही ‘गुण’ येतोच. पहिल्या काही आठवड्यांत मेंदूची सूज उतरते, दबलेल्या पण न मेलेल्या भागांना जाग येते, आणि काही ना काही हालचाल बऱ्याच जणांत आपोआप परतते. त्या दिवसांत ज्या गावचं औषध चालू असेल त्या गावाचं नाव होतं. गुण आलेला माणूस पाच गावांत सांगत फिरतो. ज्याला आला नाही तो पडवीत कॉटवर असतो, त्याला विचारायला कुणी जात नाही.

आता तुमच्या दहा टक्क्यांकडे येते.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार अण्णा माझ्याकडे होते. उजवा हात लुळा आणि वाचा गेलेली. डोळ्यांत सगळं कळतंय, पण तोंडातून फक्त ‘हां, हां’. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला दिसणारा डाग हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्यांचा मुलगा बीएस्सी ॲग्री, हुशार पोरगा. तो मला म्हणाला, ‘ताई, माणूस दहा टक्केच मेंदू वापरतो ना? मग नव्वद टक्के शिल्लक आहे की. एवढासा डाग म्हणजे काय!’

क्षणभर मला काही बोलवेना. कारण ती समजूत त्या पोराची उमेद होती. त्या रात्री त्याला झोप लागत असेल तर त्या नव्वद टक्क्यांवरच.

पण खरं काय ते त्याच्या समोरच बसलं होतं. मेंदूत नव्वद टक्के जागा फालतू असती, तर हरभऱ्याएवढ्या डागानं माणसाची वाचा कशी गेली असती? मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, आणि माणूस नुसता बसून असला तरी शरीराच्या ऊर्जेतला वीसेक टक्के वाटा तो खातो. ज्याचा उपयोग नाही अशाला इतकं महाग खायला घालणं शरीराला परवडलंच नसतं. झोपेतसुद्धा मेंदूतला कुठलाच मोठा भाग पूर्ण गप्प नसतो.

मी त्याला म्हटलं, ‘एप्रिलला खरड छाटणी केल्यावर बागेत घड दिसतो का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ ‘मग तेव्हा वेल रिकामा असतो?’ तो एकदम म्हणाला, ‘रिकामा कसला ताई, तेव्हाच तर काडीत घड धरतो!’ आणि मग स्वतःच थांबला. त्याला कळलं. स्कॅनच्या चित्रात एखादी जागा रंगीत दिसते, याचा अर्थ ती त्या क्षणी जास्त काम करतेय इतकाच. उरलेल्या जागा झोपल्यात असा नाही. आणि सगळ्या पेशी एकदम पेटल्या तर काय होतं, ते ठक्कर बाजारला बघितलंच.

हा दहाचा आकडा आला कुठून? हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७च्या सुमारास लिहिलं होतं की आपण आपल्या शारीरिक-मानसिक शक्तीचा थोडाच भाग वापरतो. आकडा दिला नव्हता, आणि मेंदूच्या मांसाबद्दल तर ते बोलतच नव्हते. १९३६ साली डेल कार्नेगींच्या ‘हाउ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ या गाजलेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत पत्रकार लॉवेल थॉमस यांनी जेम्सच्या नावावर ‘दहा टक्के’ घातले. पुढे ‘मनाच्या सुप्त शक्तीचा’ जाऊन ‘मेंदूचा’ झालं. ‘अजून खूप करता येईल’ हा चांगला उपदेश शरीरशास्त्राचे कपडे घालून फिरायला लागला. परीक्षेत मागे पडलेल्या पोराला मास्तर हे सांगतात, विक्रीच्या ट्रेनिंगमध्ये साहेब सांगतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ऐकणाऱ्याला बळ मिळतं, मग तपासतो कोण?

तुमचा मुद्दा शिकलेल्या माणसांचा आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. २०१२ साली ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २४२ शिक्षकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूबद्दलची चुकीची विधानं समोर ठेवली, तर सरासरी जवळजवळ निम्म्या विधानांवर त्यांचा विश्वास होता. आणि ज्यांची मेंदूबद्दलची सर्वसाधारण माहिती जास्त, त्यांचा या चुकीच्या गोष्टींवरही विश्वास जास्त! मला याचं नवल वाटलं नाही. आवड असलेला माणूसच जास्त वाचतो, जास्त व्हिडिओ बघतो, आणि त्यात गहू-खडे एकत्रच येतात. निवडायला सूप लागतं, ते आपल्याला कुणी दिलेलं नसतं.

त्यातही काही खडे अगदी गव्हासारखे दिसतात. अण्णांचंच सांगते. त्यांच्या गावात सोमवारी भजन असायचं. दीड-दोन महिने झाले असतील, मुलानं त्यांना खुर्चीवर बसवून देवळात नेलं. टाळ सुरू झाले आणि ‘हां, हां’पलीकडे शब्द नसलेल्या अण्णांच्या तोंडून अख्खी ओळ बाहेर आली, चालीसकट. मुलगा मला फोनवर सांगताना रडत होता. असं होतं, आम्ही पाहतो. पॅरिसमध्ये १८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी फक्त ‘तान’ एवढंच बोलू शकणाऱ्या एका रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली, तेव्हापासून वाचेची मुख्य जागा बहुतेकांत डावीकडे असते हे माहीत आहे. गाण्याच्या चालीला उजव्या बाजूचाही मोठा हातभार असतो. म्हणून बोलता न येणारा माणूस कधीकधी गाऊ शकतो. रॉजर स्पेरी या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाला १९८१ साली नोबेल मिळालं तेही मेंदूच्या दोन बाजूंच्या कामावरच.

हे सगळं खरं. पण यातून ‘तुमचं मूल लेफ्ट ब्रेनचं की राइट ब्रेनचं’, म्हणजे डाव्या मेंदूचं हिशोबी की उजव्या मेंदूचं कलाकार, हे कुठून आलं? २०१३ साली युटा विद्यापीठात १०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले, त्यात कुणी एकूणच डाव्या मेंदूचा किंवा उजव्या मेंदूचा असं काही आढळलं नाही. ज्या समजुतीत खऱ्याचा एक दाणा असतो ती उपटायला फार अवघड जाते, कारण ती मानणारा माणूस तो दाणा दाखवतो आणि तो दाणा खराच असतो.

राहिला तुमच्या पुतणीचा क्लास. मध्यमेंदू, म्हणजे हे लोक ज्याला मिडब्रेन म्हणतात तो, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग आहे. डोळ्यांच्या हालचाली, बाहुली लहान-मोठी होणं, जागेपण, अंगाच्या हालचालीतली सफाई, ही त्याची कामं. जन्मल्यापासून तो चालूच असतो. बंद पडला तर माणूस बेशुद्ध होतो. ‘चालू करायला’ त्यात काही शिल्लक नसतं.

आमच्या शेजारच्या मुलीनं असा कोर्स केला होता. पट्टी बांधून ती पुस्तक वाचायची, रंग ओळखायची. घरी पाहुणे आले की कार्यक्रम व्हायचा. मी जवळून बघितलं. ती हनुवटी किंचित वर करायची आणि पुस्तक छातीपाशी धरायची. कितीही घट्ट बांधा, नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहतेच. एकदा आम्ही दोघीच असताना मी एक पुठ्ठा तिच्या हनुवटीखाली आडवा धरला. तिचं वाचन थांबलं. बराच वेळ ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘मावशी, खालून दिसतं. पण आईला नका सांगू, तिनं पंचवीस हजार भरलेत.’

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला त्या पोरीनं दिलं. पैसे भरलेत, नातेवाइकांसमोर कौतुक झालंय, मुलगी पहिल्यांदाच कशात तरी सगळ्यांच्या पुढे आहे. आता मागे फिरायचं म्हणजे मुलीचं कौतुकच काढून घेतल्यासारखं. तुमचा भाऊ इंजिनिअर असला तरी त्या क्षणी तो बापच असतो.

म्हणून भावाशी दहा टक्क्यांवरून वाद घालू नका. पाहुण्यांसमोर तर पुठ्ठ्याचा प्रयोग करूच नका, मी स्वतः तो बंद खोलीत केला होता तरी त्या पोरीचा चेहरा अजून आठवतो. आधी पुतणीशी एकटीशी बोला. तिला म्हणावं, दिसत असेल तर सांग, कुणी रागावणार नाही, पैशांचं मोठी माणसं बघतील. आणि मग भावाला क्लासच्या वेळेला दुसरं काहीतरी सुचवा, पोहणं, तबला, सायकल, तिला जे आवडेल ते, ज्यात ती खरोखर हळूहळू सुधारताना त्याला दिसेल. शेजारच्या त्या मुलीला आम्ही पोहायला घातलं. आईला तिनं स्वतःच सांगितलं, दोन महिन्यांनी, तलावावरून घरी येताना.