डेंग्यूची रॅपिड टेस्ट बनवायची आहे, मग शिकू काय?

प्रिय विद्यार्थिनी,

तापाच्या सातव्या दिवशी भावाची एनएस१ रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, घरचे निर्धास्त झाले आणि दोन दिवसांनी आयजीएम तपासणीत डेंग्यू निघाला. ‘न चुकणारी टेस्ट मला बनवायची आहे. पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊ की इंजिनीअरिंग?’ असं तू विचारलं आहेस.

आधी रॅपिड टेस्टच्या त्या पट्टीबद्दल बोलू. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं आणि साधारण आठवडाभरात ओसरतं. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. त्यातून डेंग्यू पूर्वी होऊन गेला असेल, तर जुनी प्रतिपिंडं एनएस१ला चिकटून बसतात आणि पट्टीला ते सापडणं अवघड होतं.

आता पट्टीच्या आत बघ. रक्ताचा थेंब नायट्रोसेल्युलोजच्या पडद्यावरून सरकतो. वाटेत सोन्याचे सूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडं एनएस१ला पकडतात, पुढे रेषेवर बसवलेली प्रतिपिंडं त्या जोडीला अडवतात आणि 15-20 मिनिटांत लाल रेष उमटते. पडदा, रसायनं, रेष वाचणारं यंत्र यांसाठी इंजिनीअर लागतातच. पण खरी गोम प्रतिपिंडात आहे. डेंग्यूचे चारही प्रकार त्याने ओळखायला हवेत आणि झिकाला मात्र हात लावता कामा नये. हे विषाणू एकाच कुळातले, सारख्या चेहऱ्याचे. 2016च्या झिका साथीत प्रतिपिंड शोधणाऱ्या टेस्टची याच साम्यामुळे फार अडचण झाली.

तुझ्या पत्रात ‘का पकडलं नाही?’ हा प्रश्न तीनदा आला आहे. म्हणून मी सूक्ष्मजीवशास्त्र आणि पुढे रोगप्रतिकारशास्त्र सुचवेन. सोबत संख्याशास्त्र मनापासून शीक. टेस्ट किती रुग्णांना पकडते आणि किती निरोगी माणसांना उगाच रुग्ण ठरवते, हे त्याशिवाय मांडता येत नाही. कॉलेज निवडताना एकच विचार: विद्यार्थी स्वतःच्या हाताने एलायझा (प्रतिपिंडांच्या पकडीवर चालणारी प्रयोगशाळेतली तपासणी) करतात, की नुसते बघतात? बघण्यावर भागवत असतील तर दुसरं कॉलेज शोध.

बाबांना सांग, वेळ लागेल. चांगलं प्रतिपिंड मिळाल्यावरही शेकडो नमुन्यांवर पडताळणी, उष्णता-दमटपणात किट टिकतं का याची तपासणी, मग मंजुरी, यात वर्षं जातात.

सध्या भावाचे दोन्ही रिपोर्ट काढ आणि नमुना तापाच्या कितव्या दिवशी घेतला, हे त्यावर लिहिलंय का बघ. काय सापडलं ते कळव. आणि भाऊ आता कसा आहे, तेही लिही.